गिफ्ट म्हणजे नक्की काय दिलं?

[पडद्यावर: स्वीडनमधला एक छापील अर्ज, अगदी जवळून. पेनाचं टोक एका चौकटीवर थबकलेलं.]

स्टॉकहोममध्ये नव्यानं राहायला गेलेल्या माणसापुढे असा अर्ज कधी ना कधी येतोच. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि त्याखाली वैवाहिक स्थिती. तिथे एका चौकटीपुढे चार रोमन अक्षरं छापलेली असतात. आपण ती पाहताक्षणी 'गिफ्ट' अशी वाचतो. स्वीडिश माणूस तीच अक्षरं 'यिफ्त' अशी उच्चारतो आणि या चौकटीत त्यांचा अर्थ आहे विवाहित. लग्न झालं नसेल तर शेजारची चौकट, 'ऊयिफ्त'.

[पडद्यावर: त्याच शहरातलं एक दुकान. कप्प्यावर डबा, डब्यावर उंदराचं चित्र.]

आता हे उंदराचं औषध. डब्यावर लिहिलंय 'रोत्तयिफ्त'. 'रोत्ता' म्हणजे मोठा उंदीर, घूस. पुढे तीच चार अक्षरं, उच्चारही तोच. इथे मात्र अर्थ आहे विष.

स्वीडिश माणसाचा यात कधी गोंधळ होत नाही. लग्नाचा शब्द विशेषण म्हणून येतो, विषाचा शब्द नाम म्हणून, आणि बाकीचं काम वाक्य करतं. नॉर्वेत आणि डेन्मार्कमध्येही असंच. दक्षिणेला जर्मनीत उतरलात, की लग्न गळून पडतं आणि 'गिफ्ट' म्हणजे फक्त विष उरतं. हॉलंडमध्ये घशातून 'खिफ्त' म्हटलं तर देणगी, शेवटचा त गाळून 'खिफ' म्हटलं तर विष. आणि समुद्र ओलांडून इंग्लंडला गेलं, की आपल्या ओळखीचं, रंगीत कागदात गुंडाळलेलं गिफ्ट.

भेट, लग्न आणि विष. हे तीन वेगळे शब्द योगायोगानं सारखे दिसताहेत असं वाटेल, पण तसं नाही. शब्द एकच आहे. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या मुळाशी असलेल्या जुन्या जर्मानिक भाषांत 'देणं' या क्रियापदापासून तो झाला आणि त्याचा मूळ अर्थ इतकाच होता: दिलेलं.

आता प्रश्न उरतो तो एवढाच, की काय दिलं?

[पडद्यावर: लग्नमंडप. वधूपित्याच्या ओंजळीत मुलीचा हात.]

लग्नाचा धागा मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'थोरलीला कुठे दिली?' 'साताऱ्याला दिली.' आपण हे इतक्या सहज बोलतो, की यात 'देणं' आहे हे जाणवतही नाही. स्वीडनच्या अर्जावरचा तो शब्दही असाच, दिलेली मुलगी. पुढे तो पुरुषालाही लागू झाला. दिलेल्या मुलीबरोबर माहेराहून जे जायचं, त्याला स्वीडिशमध्ये 'हेमयिफ्त' म्हणतात. 'हेम' म्हणजे घर.

इंग्रजांकडेही एके काळी हाच अर्थ होता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'यिफ्त' असाच उच्चारला जाई. त्याचा अर्थ होता वधूसाठी मोजलेलं मोल, आणि अनेकवचन केलं की अर्थ व्हायचा लग्न. मग उत्तरेकडून व्हायकिंग आले, इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात वस्ती करून राहिले. त्यांच्या बोलीत हाच शब्द कठीण 'ग'नं सुरू व्हायचा आणि त्याचा अर्थ होता भेट, नशिबाचं देणं. इंग्रजांनी पाहुण्यांचा उच्चार उचलला आणि अर्थही. मला यातली एक गंमत फार आवडते. ज्या नॉर्स लोकांनी, म्हणजे या व्हायकिंगांनी, इंग्रजांना तो कठीण 'ग' दिला, त्यांच्याच वंशजांनी पुढे नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये तो मऊ करून 'य' केला. तो जुना नॉर्स 'ग' आज लंडनच्या दुकानात मात्र ऐकू येतो.

[पडद्यावर: जुनं औषधालय. लाकडी कप्पे, चिनीमातीच्या बरण्या, पितळी तराजू.]

विषाची गोष्ट जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची.

ग्रीक वैद्य रोग्याला एका वेळी जेवढं औषध देत, त्याला 'दोसिस' म्हणत. दोसिस म्हणजे देणं. हाच शब्द लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असा प्रवास करत आपल्या दवाखान्यात 'डोस' म्हणून आला. या शब्दाच्या मुळाशी जो धातू आहे, तोच संस्कृतातला 'दा'. म्हणजे दान, देणं आणि तापाच्या औषधाचा डोस ही एकाच घरातली भावंडं.

जर्मन भाषेनं मात्र ग्रीक शब्द जसाच्या तसा न घेता त्याचं भाषांतर केलं. दोसिस म्हणजे देणं, आणि देण्याला आपल्याकडे शब्द आहे 'गिफ्ट', मग तोच वापरू. अशा रीतीनं 'गिफ्ट' औषधालयात शिरला. वैद्यानं दिलेली मात्रा, मग कोणीतरी गुपचूप दिलेली मात्रा, मग जी दिली की माणूस उठत नाही ती मात्रा. भेट हा जुना अर्थ पुढे काही शतकं टिकला, पण एकाच शब्दाच्या पोटात अहेर आणि विष फार काळ नांदू शकले नाहीत. विष जिंकलं. जुना अर्थ एका कोपऱ्यात मात्र शाबूत राहिला: 'मिटगिफ्ट', मुलीबरोबर दिलेलं, हुंडा. आजच्या जर्मन कानाला त्यात विष ऐकू येतं. पण व्याकरणानं खूण जपून ठेवली आहे. विष नपुंसकलिंगी, हुंडा अजूनही स्त्रीलिंगी, जसा मूळ शब्द होता तसाच.

मग जर्मन भाषेचा विषासाठीचा स्वतःचा शब्द कुठे गेला? तो होता 'आयटर'. त्याचा आजचा अर्थ आहे पू. जखमेतला पू. त्याचंच भावंड आइसलँडमध्ये 'एइतुर' म्हणून अजून विष याच अर्थानं वापरात आहे. खंडापासून दूर समुद्रात असलेल्या त्या बेटापर्यंत जर्मन अर्थ पोचलाच नाही, म्हणून तिथे 'गिफ्तुर' म्हणजे निव्वळ लग्न झालेला माणूस.

[पडद्यावर: पारासेल्ससचं जुनं कोरीव चित्र.]

१५३८ साली पारासेल्सस या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या वैद्यानं आपल्यावरच्या आरोपांना उत्तर देताना जर्मन भाषेत एक वाक्य लिहिलं. विषशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते आजही पहिल्या तासाला भेटतं. सगळ्याच वस्तू विष आहेत, विषाविना काहीच नाही, आणि एखादी वस्तू विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे, असा त्याचा आशय. मूळ जर्मन वाक्यात विषाला शब्द आहे 'गिफ्ट' आणि मात्रेला 'डोझिस'. ग्रीक मूळ आणि त्याचं जर्मन भाषांतर, दोघं एकाच ओळीत समोरासमोर. दोन्हींचा अर्थ एके काळी एकच होता, देणं. पारासेल्सस वाचतो आहे तो दोघांमधल्या भांडणाचा निवाडा.

जर्मन शब्दांच्या अशा कुळकथा शोधायला परीकथांमुळे जगाला माहीत असलेला भाषापंडित याकोब ग्रिम आणि त्याचा भाऊ विल्हेल्म यांनी १८३८ मध्ये एक महाकोश हाती घेतला. पहिला खंड १८५४ मध्ये आला. याकोब १८६३ मध्ये गेला तेव्हा 'फ्रुख्ट', म्हणजे फळ, या शब्दावर काम चालू होतं. 'गिफ्ट'पर्यंत त्याचा हात पोचला नाही. कोश पूर्ण व्हायला १९६१ साल उजाडलं.

[पडद्यावर: एक हात पेला भरतो आहे. पेय काठाशी येऊन थांबतं.]

पण थांबा. जर्मन माणूस 'गिफ्ट' म्हणजे विष म्हणतो, तर भेटीला काय म्हणतो? 'गेशेंक'. आणि हा शब्द आला आहे 'शेंकेन'पासून. जुना अर्थ: पेला भरून देणं, पाजणं. जर्मनीत पेय ओतायला आजही 'आइनशेंकेन' म्हणतात.

आता इंग्रजी आणि फ्रेंचमधला 'पॉयझन' घ्या. तो आला लॅटिन 'पोटिओ'वरून, म्हणजे पेय. मुळाशी तोच धातू, जो आपल्या पिण्यात, जलपानात आणि पाजण्यात आहे.

नीट पाहा काय झालंय. इंग्रजीत दिलेलं ते भेट झालं आणि पाजलेलं ते विष झालं. जर्मनमध्ये दिलेलं ते विष झालं आणि पाजलेलं ते भेट झालं. सख्ख्या शेजारी असलेल्या दोन भाषा, त्याच दोन क्रिया, आणि निकाल नेमका उलटा. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कोश मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यानं १९२४ मध्ये याच शब्दावर एक छोटा लेख लिहिला. जुन्या जर्मानिक लोकांत देणं म्हणजे मुख्यतः पेयाचं देणं, बिअरचं देणं, याकडे त्यानं बोट दाखवलं. समोरच्यानं भरून दिलेल्या पेल्यात काय आहे, याची खात्री पिणाऱ्याला कधीच नसते. मोस संस्कृत शिकलेला होता. देण्याघेण्यावरच्या त्याच्या गाजलेल्या निबंधात त्यानं महाभारतातलं अनुशासनपर्वही तपासलं, ते दानधर्मासाठी. घेतलेलं दान घेणाऱ्याला बांधून टाकतं, ही धास्ती त्याला तिथेही सापडली.

[पडद्यावर: पुन्हा तो उंदराचं चित्र असलेला डबा.]

मघाशी या डब्याला मी 'उंदराचं औषध' म्हटलं. तुम्हाला खटकलं का? बहुतेक नाही. कारण आपण तसंच म्हणतो. ढेकणाचं औषध, झुरळाचं औषध, पिकावर मारायचं औषध.

'विष' हा स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे. लॅटिनमधला 'विरुस' त्याचाच भाऊ, ज्याचा आज 'व्हायरस' झाला. तरीही तो आपण तोंडावर आणत नाही. वर्तमानपत्र छापतं, 'विषारी औषध प्राशन करून'. आणि विदर्भात किंवा मराठवाड्यात एखाद्या ओट्यावर कोणी आवाज उतरवून म्हणालं, 'त्यानं औषध घेतलं', तर ऐकणारा कुठलं औषध म्हणून विचारत नाही. बायका पदर तोंडाशी नेतात. पुढचं बोलणं त्या घरातल्या मुलांचं, शेतावरच्या कर्जाचं असतं.

ग्रीकांचं 'फार्माकोन' असंच होतं, औषधही आणि विषही. त्यातूनच 'फार्मसी' आली. कित्येक शतकांपूर्वीच्या जर्मन माणसानंही हेच केलं असावं, असं मला हे बोलणं ऐकताना वाटतं. ज्या घरात ते घडलं, त्या घरासमोर उभं राहून तो खरा शब्द उच्चारू शकला नाही. तो एवढंच म्हणाला, त्याला 'दिलं'.

[पडद्यावर: रात्र. एका खोलीत दिवा, टेबलावर फोन.]

जर्मनीत विषबाधेसाठी दिवसरात्र चालू असणाऱ्या फोनसेवा आहेत. त्यांना म्हणतात 'गिफ्टनोटरूफ'. अशा वेळी फोनवर बहुतेकदा एखादी घाबरलेली आई असते. मुलानं कपाटातलं काहीतरी तोंडात घातलेलं असतं. पलीकडचा आवाज शांतपणे विचारतो: मूल किती वर्षांचं, वजन किती, पोटात काय गेलं, कधी गेलं.

आणि मग, किती गेलं. या 'किती'ला त्या टेबलावरचा शब्द आजही 'डोझिस' हाच आहे.