सुतळीच्या गाठी

यवतमाळ जिल्हा, वणीकडचा रस्ता. वेचणीचे दिवस. आम्ही पोचलो तेव्हा जुन्या टाटा २०७ पिकअपचं बॉनेट उघडंच होतं, म्हणून गोष्ट इथूनच.

एअर क्लिनरच्या मागे हे पांढरं दिसतंय ते उंदराचं घरटं. कापूस, तुरीचं भुसकट, आणि मधे कुरतडलेल्या लाल वायरचे तुकडे. या गाडीनं वाहिलेला कापूस या गाडीतच गादीला वापरलाय.

टाटामोबाईल पिकअप १९८८मध्ये बाजारात आली. ही २०७ त्याच घराण्यातली. डिझेल इंजिन, स्पार्क प्लगचं काम नाही. एकदा सुरू झालं की निम्मी वायरिंग मेलेली असली तरी गाडी पळते. घात होतो तो इथेच. बिघाड पुढे ढकलला जातो, वाटेत कुणीतरी वायरला पीळ देतं, वर काळी टेप. मिस्त्री ती टेप सोडवतोय बघा. चिकट झालीय, आणि आतलं तांबं काळं पडलंय. असे जोड आम्ही मोजले. हेडलाईटपासून केबिनच्या पत्र्यापर्यंत २१.

गावातले तिघेजण येऊन सांगून गेले, भंगारात घाला. आम्हाला ते पटत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

सगळी वायरिंग नवी करायची, तर पहिलं काम बॅटरीचं निगेटिव्ह काढणं. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी. मग सुतळी. वायर काढायच्या आधी मिस्त्री प्रत्येकीला सुतळी बांधतो. एक गाठ हेडलाईट, दोन गाठी हॉर्न, तीन गाठी सेल्फ, म्हणजे स्टार्टर. ना कागद, ना नकाशा. जुना जुडगा ताडपत्रीवर पसरायचा आणि त्याच्या मापानं नवी वायर कापायची, चार बोटं जास्तीची ठेवून.

हेडलाईटचे दोन बल्ब, ५५ वॉटचे. दोन्ही मिळून साधारण ९ अँपिअर. आजवर हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून यायचा. स्विचचं प्लास्टिक वितळलेलं दिसतंय ते त्यामुळे, आणि उजेड पिवळा पडायचा तोही त्यामुळेच. आता मधे रिले, म्हणजे बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून जाड वायर, ८७ला दिवा, ८५ आणि ८६ला स्विचची बारीक वायर. फ्यूज बॅटरीला खेटून, कारण तो वायर वाचवायला असतो. दिव्याजवळ बसवला तर अलीकडची वायर उघडीच राहते.

वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबलं, डाक दिला, वर स्लीव्ह. आणि हा काचकागद. अर्थची (अर्थिंगची) वायर बॉडीला जिथे बसणार तिथला रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्याला चेसिसशी जोडणारी पट्टी या गाडीत कधीच तुटलेली. सेल्फ मारला की करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढायचा. मालक म्हणतात, "पायाखालची तार गरम लागे, म्या म्हणलं इंजिनची धग असन."

मीटरवर बघा. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. सुरू केल्यावर १४.१.

यात तीन दिवस गेले. तेवढ्यात मालकाचा कापूस भाड्याच्या ट्रॅक्टरनं गेला, आणि गाडीची आरटीओची फिटनेस तपासणी अजून व्हायचीय.

संध्याकाळ. समोर तुरीचं वावर. दिवे लागतात.

मालक विचारतात, "आता काई होत नाई ना?"

मिस्त्री फडक्याला हात पुसतो. "काका, वायर बदलले म्या. उंदीर तुमच्याच घरचे हायेत."

मालक घरात जाऊन डांबरगोळ्यांची पुरचुंडी घेऊन येतात. ती कुठे बांधायची यावर दोघांचं अजून एकमत व्हायचंय.