बरड रानातली तूर आणि स्फुरद

शेतकरी बंधू-भगिनींनो, रामराम.

बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोद्याकडं म्हणा की भूम-वाशीकडं, वीतभर उकरलं की मुरूम लागतो. अशा बरड रानात तूर, उडीद, मूग घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पीक पिवळं पडलं की आपला हात आधी युरियाच्या गोणीकडं जातो. त्या सवयीबद्दलच आज बोलायचंय.

कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, पिकाला देतात. या कामाला ऊर्जा फार लागते आणि पिकात ऊर्जेची देवाणघेवाण होते ती स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, जोरावर. स्फुरद कमी पडलं की मुळं आखडतात, गाठी बारीक राहतात. पश्चिम आफ्रिकेतल्या सव्हाना या गवताळ मुलखाच्या हलक्या जमिनीतही चवळी-सोयाबीनला हेच दुखणं आहे. तिथंही बऱ्याच ठिकाणी स्फुरद दिल्यावरच पीक उभारी धरतं. युरिया मात्र जास्त झाला की झाडाला आयतं नत्र मिळतं आणि ते गाठी धरणंच कमी करतं. म्हणजे पैसे मोजून आपण घरचं नत्र घालवतो!

तुरीला एकरी 10 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद पुरतं. डीएपी या खताच्या 50 किलोच्या एका बॅगेत 9 किलो नत्र, 23 किलो स्फुरद येतं. एकराला एक बॅग, विषय संपला. माझं मत विचाराल तर मी सिंगल सुपर फॉस्फेट निवडेन. अडीच बॅगा आणि सोबत 22 किलो युरिया, तोही पेरतानाच. सुपरमधून गंधकही मिळतं आणि डाळीतल्या प्रथिनाला ते लागतंच.

पण खत फेकू नका, कळकळीनं सांगतो. आपल्या मातीत चुना जास्त. वर विस्कटलेलं स्फुरद त्यात अडकून बसतं, मुळापर्यंत उतरत नाही. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत सोडणाऱ्या दोन चाड्याच्या पाभरीनं ते बियाण्याच्या दोन-तीन बोटं खाली पडू द्या, बियाण्याला चिकटू देऊ नका.

पेरणीनंतर महिन्याभरानं, वाफसा असताना, म्हणजे रान ओलसर पण चिखल नसताना, एक झाड खुरप्यानं मातीसकट अलगद काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं बादलीत हलवून धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही.

गाठी कमीच दिसत असतील तर पुढच्या पेरणीला 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळा. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ही जिवाणू खतं मिळतात. घेताना पिकाचं नाव आणि मुदत दोन्ही वाचा, कारण सोयाबीनचं पाकीट तुरीला चालत नाही, तुरीचं हरभऱ्याला नाही.

नमस्कार.