ती घरीच तर असते

(दृश्य: पहाटेचं अंधारं घर. एका खोलीत दिवा लागतो. गोळ्यांचा डबा उघडणारे हात.)

पहाटेची गोळी. मग आंघोळ घालणं, कपडे बदलणं, डॉक्टरांची वेळ घेणं, घराची बिलं भरणं. हे सगळं करणाऱ्या बाईला विचारा, तुम्ही काय करता? उत्तर येतं, "काही नाही, आईचं बघते."

2021च्या जनगणनेत एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी, पगाराविना कुणाचं तरी बघणारी, जवळपास 50 लाख माणसं नोंदली गेली. त्यांच्यासाठी सरकारी भत्ता आहे, केअरर्स अलाउन्स. स्कॉटलंडमध्ये आता त्याची जागा केअरर सपोर्ट पेमेंटनं घेतली आहे.

(दृश्य: जुनी वर्तमानपत्रं.)

आईवडिलांचं आजारपण काढण्यासाठी स्वतःचं काम सोडलेल्या मेरी वेबस्टर या धर्मोपदेशिकेनं 1963 साली वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. आईवडिलांना सांभाळता सांभाळता अविवाहित मुली स्वतः कंगाल होतात, हे तिनं चारचौघांत मांडलं. भत्ता आला 1976 साली. तो बघायला ती राहिली नव्हती.

आणि आला तोही अर्धाच. लग्न झालेल्या किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्या बायकांना तो मिळत नसे. कारण? ती घरीच तर असते!

1984 साली जॅकलिन ड्रेक यांनी आईसाठी नोकरी सोडली. विवाहित आहात म्हणून भत्ता नाकारला गेला. त्या लढल्या, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि 24 जून 1986 रोजी निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आदल्याच दिवशी सरकारनं नियम बदलत असल्याचं जाहीर केलं होतं. दहा वर्षं जे जमत नव्हतं, ते निकालाच्या आदल्या दिवशी जमलं.

(दृश्य: टेबलावर अर्जाचे कागद.)

आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अट अशी: आठवड्याला किमान 35 तास सांभाळ. त्यात स्वयंपाक, बाजारहाट, दवाखान्यातल्या फेऱ्या, सगळं धरलं जातं. ज्यांचं बघता त्यांना स्वतःला अपंगत्वाचा ठरावीक लाभ मिळत असला पाहिजे. तो नसेल, तर आधी त्यांचा अर्ज करा. इथेच अनेकांची गाडी अडते. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना भत्ता नाही. दोघांना सांभाळलं तरी भत्ता एकच.

एप्रिल 2025पासून रक्कम होती आठवड्याला 83 पौंड 30 पेन्स. 35 तासांनी भागून बघा. तासाला अडीच पौंडसुद्धा पडत नाहीत.

आता सगळ्यात जास्त घात करणारा नियम. त्याच वेळी कमाईची मर्यादा आठवड्याला 196 पौंड झाली. तिच्यावर एक पौंड गेला, की त्या आठवड्याचा सगळा भत्ता गेला. आणि चूक वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही, तर एक दिवस हजारो पौंड परत मागणारं पत्र दारात. सरासरी कमाई कशी धरायची याची भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याची सूचनाच धड नव्हती, हे 2025च्या स्वतंत्र आढाव्यात पुढे आलं. म्हणून पगारातून कर, राष्ट्रीय विमा (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी), निवृत्तिवेतनासाठी भरलेल्या रकमेचा निम्मा हिस्सा वजा करून मगच आकडा बघा, आणि पगार बदलला की लगेच कळवा.

अर्ज करण्याआधी, ज्यांचं बघता त्यांच्याशी बोला. त्या एकट्या राहत असतील आणि त्यांना तीव्र अपंगत्वाची जादा रक्कम मिळत असेल, तर तुमचा भत्ता सुरू होताच ती बंद होऊ शकते. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या हातात हा भत्ता सहसा पडत नाही. तरी अर्ज करावा, कारण हक्क मान्य झाला तर पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारी सरकारी मदत, वाढू शकतं. मागची बाकी तीन महिन्यांपर्यंतच मिळते, तेव्हा कागद जमेपर्यंत थांबू नका.

(दृश्य: रात्र. तोच दिवा, तेच हात.)

35 तास भरत नसतील, पण 20 भरत असतील, तर केअरर्स क्रेडिट मागा. हातात एक पेनीही येत नाही. पण आईपाशी काढलेलं ते वर्ष राष्ट्रीय विम्याच्या नोंदीत कोरं राहत नाही, आणि उद्या निवृत्तिवेतन ठरवताना ते मोजलं जातं.