ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर: याला ‘अदलाबदल’ म्हणू नका

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून.

चुन्याच्या निवळीत स्ट्रॉनं फुंकायचा रील सध्या जोरात फिरतोय. त्याखाली आपल्या चॅनलला टॅग करून तेच ते वाक्य: ‘ऑक्सिजन आत गेला की त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.’ बदल्यात नाही ओ! तेवढा शब्द सोडून बोला.

उजळणी पटकन. नाक, श्वासनळी, वायुकोश (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या), रक्त, पेशी. पेशीत अन्न जळतं, ऑक्सिजन खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पुढं.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तेव्हा पैसा इकडं, रवे तिकडं. एक अडला की दुसरा अडला. वायुकोशाच्या पडद्यावर असला सौदा होत नाही. तिथं दोन्ही वायू आपापल्या दाबाच्या उतारानं जातात. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटर, अंगातून फिरून आलेल्या रक्तात ४०. म्हणजे ६० चा उतार, ऑक्सिजन रक्तात. कार्बन डायऑक्साइड रक्तात ४५, वायुकोशात ४०. उतार फक्त ५ चा! तरी भागतं, कारण तो पाण्यात ऑक्सिजनच्या वीसपटीहून जास्त विरघळतो आणि ओला पडदा झटकन ओलांडतो. (आकडे समुद्रसपाटीचे. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, त्यामुळं ऑक्सिजनचा दाब इथं जरा कमी धरा.)

आता हिशोब लावा. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. एकास एक असतं तर ५० मिलिलिटर गेले कुठं? अन्नातल्या हायड्रोजनशी जुळून त्यांचं पाणी झालं.

आणि ‘आपण कार्बन डायऑक्साइड सोडतो’ हेही अर्धंच. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाहेर येणाऱ्या हवेत १६. कार्बन डायऑक्साइड ०.०४ वरून ४ टक्के. सोडलेल्या श्वासात ऑक्सिजनच चौपट! तोंडानं दिलेला कृत्रिम श्वास चालतो तो याच्यामुळंच.

आता तो रील. त्यात निवळी दुधाळ झाली की व्हिडिओ संपतो, आणि खरी गंमत त्याच्या पुढं आहे. टपरीवरचा खायचा चुना दोन हरभऱ्यांएवढा घ्या. ग्लासभर आरओच्या पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी गाळ न हलवता वरची नितळ निवळी दोन चमचे काढा आणि अर्धा ग्लास आरओच्या पाण्यात घाला. स्ट्रॉनं हळू फुंका. फुंकायचंच, ओढायचं नाही! चुना तोंड पोळतो, डोळ्यात उडाला तर आणखी वाईट, म्हणून चष्मा लावा आणि पोरांना एकटं सोडू नका.

(ग्लास कॅमेऱ्याजवळ) आधी पांढरट. तो कॅल्शियम कार्बोनेट. थांबू नका. काही मिनिटं फुंकत राहिलात की पांढरटपणा विरायला लागतो. तो झाला बायकार्बोनेट, पाण्यात विरघळणारा.

तुमच्या रक्तात हेच रूप. लाल पेशीतलं कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइड आणि पाणी जुळवून त्याचं बायकार्बोनेट करतं. सुमारे ७० टक्के माल असा जातो, थोडा नुसता विरघळून, उरलेला हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला चिकटून. ऑक्सिजन मात्र हिमोग्लोबिनच्या लोहावर बसतो. म्हणजे केएमटीच्या बसमध्ये एक उतरला की त्याच सीटवर दुसरा बसला, असंही नाही. दोघांच्या जागाच वेगळ्या. लोहाची सीट खरोखर बळकावतो तो कार्बन मोनॉक्साइड, बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा. तो वेगळा वायू, दोन्हींत घोळ घालू नका.

आता कमेंटमधल्या तक्रारी. ‘आमचं पाणी फुंकायच्या आधीच गढूळ झालं.’ बोअरचं वापरलंत. त्यात बायकार्बोनेट आधीच असतं. ‘काहीच झालं नाही.’ डबीतला चुना जुना, हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन बसलेला.

‘फुंकताना चक्कर आली.’ येणारच, जोरात आणि भराभर फुंकलंत. नेहमीच्या श्वासातच हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलं असतं, भराभर श्वास घेऊन त्यात काय भर पडणार? कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं गरगरतं. पुन्हा तेच: एक घसरला, दुसरा जागेवर. कसली अदलाबदल?

मे महिन्यात विहिरीवर मुटके मारून झाले की पैज लागते, पाण्याखाली कोण जास्त टिकतो. बुडी मारण्याआधी दहा-वीस जोराचे श्वास घ्यायचे, ही पोरांची युक्ती. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळं. तो आधीच घालवलात तर घंटा वाजायच्या आत ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्याखाली गप्प बेशुद्ध होतं. धडपड नाही, ओरडणं नाही. ही युक्ती पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बुडवते.

‘पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो’ म्हणणाऱ्यांनो, एका ओळीत: प्रकाश नसला की पिंपळही ऑक्सिजन घेतोच. झालं.

आता ऊसवाले. तुम्हाला हा विषय आमच्यापेक्षा जास्त कळतो, फक्त तुम्ही त्याला वाफसा म्हणता. वाफसा म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी, मोठ्या पोकळ्यांत हवा. मूळही श्वास घेतं. पानातून झिरपून येणारा ऑक्सिजन उसाच्या मुळाला पुरत नाही, त्याला मातीतली हवा लागते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू झिरपतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या रानांत पाणी तुंबलं तेव्हा मुळांशी हेच झालं. मातीतला ऑक्सिजन मुळांनी आणि जिवाणूंनी संपवला, वरून नवा येईना. तिकडं कार्बन डायऑक्साइडही बाहेर निघेना, पण तो याच्या बदल्यात अडला नव्हता. दोघांच्या वाटा पाण्यानं बुजवल्या होत्या.

म्हणून ‘पूर ओसरला, ऊस पिवळा पडलाय, युरिया किती टाकू?’ याचं उत्तर: आज शून्य. नत्र ओढून घ्यायला मुळाला ऊर्जा लागते आणि ऑक्सिजनशिवाय ती पुरेशी तयार होत नाही. साचल्या पाण्यात टाकलेला युरिया काही वाहून जातो, काही हवेत उडतो. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. मग वितभर खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. बोटांना चिकटली किंवा पडून चपटी झाली तर थांबा. लाडू वळला आणि पडताच फुटला, की वाफसा आला. मग खताचं बघा, आणि कमेंटमध्ये लिहा जमीन काळी आहे का मळीची (नदीकाठच्या गाळाची), काळीला जास्त दिवस लागतात.