काळ्या मातीतली चेन: जुन्या डोझरच्या अंडरकॅरेजची निगा

नागपूरहून अमरावती रस्त्याला लागलं की बेसॉल्टवरची काळी माती दिसते. कामठीकडे वालुकाश्म आहे, तर रामटेकच्या वाटेवर मनसर, कांद्रीला मँगनीजच्या खाणी. एकाच जिल्ह्यात फिरणाऱ्या डोझरची चेन, म्हणजे तो ज्यावर चालतो तो पोलादी पट्टा, या जमिनी वेगवेगळ्या तऱ्हेनं खातात. वाळूतला क्वार्ट्झ पोलादाला कानशीसारखा घासतो. काळी माती पावसात स्प्रोकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाच्या, दातांमध्ये ठासून बसते. मग स्प्रोकेटचा घेर वाढल्यासारखा होतो आणि सकाळी बरोबर असलेली चेन दुपारी ताठ होते. ताठ चेनचा सगळा भार लिंक म्हणजे कड्या जोडणाऱ्या पिन, त्यांच्यावरच्या नळ्या म्हणजे बुश आणि पुढच्या मोकळ्या चाकावर म्हणजे आयडलरवर पडतो.

म्हणून चेनचा ताण धुतलेल्या मशीनवर ठरवू नका. काम चालतं त्याच जागी, चिखलासकट पाहा. सपाट जमिनीवर मशीन हळू पुढे घ्या आणि ब्रेक न लावता थांबू द्या. चेन वर उचलून धरणारा वरचा रोलर आणि आयडलर यांच्यामध्ये शूंवर, म्हणजे लिंकना बोल्टनं बसवलेल्या पोलादी पाट्यांवर, सरळ पट्टी ठेवून झोळ मोजा. अनेक मध्यम डोझरना तो 20 ते 30 मिलीमीटर लागतो. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

झोळ जास्त असेल तर आयडलर पुढे ढकलून चेन ताणणाऱ्या अ‍ॅडजस्टरमध्ये ग्रीस भरा. चेन सैल करायची असेल तर ग्रीस सोडण्याचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नका आणि तोंड त्याच्या समोर आणू नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, ते कातडी फोडून शरीरात शिरतं. ग्रीस बाहेर येत नसेल तर मशीन थोडं पुढे-मागे करा. अ‍ॅडजस्टरमागची स्प्रिंग मात्र योग्य प्रेसशिवाय कधीच खोलू नका. ती सुटली तर जीव जातो.

झीज मोजताना उलट करायचं, चेन स्वच्छ धुवायची. स्प्रोकेटच्या दातात जुनी पिन अडकवून मशीन अगदी हळू रिव्हर्स घेतलं की चेन ताणली जाते. मग मास्टर जोड, म्हणजे चेन जिथे उघडते तो जोड, वगळून चार लिंकचं अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. नव्या चेनचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनमधलं अंतर, 203 मिलीमीटर असेल तर चार लिंक 812 भरतात. त्या जागी 824 आले, तर दर जोड 3 मिलीमीटर वाढला. लोखंड लांबत नाही. पिनची एक बाजू आणि बुशचा आतला भाग झिजलेला असतो.

ही झीज एकाच बाजूला होते, म्हणून पिन-बुश 180 अंश पलटवून दुसरी बाजू वापरता येते. यासाठी मध्यम चेनला साधारण 100 टनांचा किंवा त्याहून मोठा प्रेस लागतो. बुशला तडा गेला असेल किंवा तो मर्यादेपेक्षा पातळ झाला असेल तर पलटवण्यात अर्थ नाही. अनेकजण चेन खडखडायला लागेपर्यंत थांबतात आणि ही संधी घालवतात. वेगानं लांब रिव्हर्स घेणं हेही बुश लवकर खपण्याचं मोठं कारण आहे.

जुन्या स्प्रोकेटवर नवी चेन चढवणं ही सर्वांत महागडी काटकसर. झिजलेल्या दातांचा पिच वेगळा असतो, त्यामुळे नवा बुश दातावर चढतो आणि घासला जातो.

चेन उतरवताना मास्टर जोडाची पिन आयडलरच्या पुढे आणा. तिच्या टोकावर ओळखीची खूण किंवा खड्डा असतो. शूखाली लाकडी ठोकळा द्या, ग्रीस सोडा, शू काढा, पिन बाहेर ठोका. आता मशीन हळू मागे घेतलं की वरची चेन मागच्या बाजूला जमिनीवर पसरत जाते. समोर आणि मागे कोणी उभं राहता कामा नये.

चेन उतरलीच आहे तर प्रत्येक खालचा रोलर हातानं फिरवा. रोलरच्या टोकाच्या कॉलरभोवती तेलाचं ओलं कडं दिसलं तर सील गेलं. कामानंतर बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला रोलर कोरडा पडलेला समजा. एका आणि दोन फ्लँजच्या, म्हणजे उंच कडांच्या, रोलरांचा मूळ क्रम बदलू नका.

शूचे जुने बोल्ट पुन्हा लावू नयेत. लिंकचा बसण्याचा भाग गंज आणि रंग काढून साफ करा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळा, मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरलेला जोर, द्या आणि मग सांगितलेला कोन फिरवा. बऱ्याच मॉडेलना तो 120 अंश असतो. पहिली पाळी संपली की सगळे बोल्ट पुन्हा तपासा आणि झोळही, कारण नवी चेन बसताना थोडी सैल होते.