गाडी घरी ठरवा, शोरूममध्ये फक्त भाव करा

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शेतकऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सोयाबीन विकून झालं, कापसाचा दुसरा वेचा घरात आला, की आपल्याकडे चारचाकीचा विषय निघतोच. आणि आता चारचाकी म्हणजे साधी गाडी कोणालाच नको असते, उंच पाहिजे, दणकट पाहिजे, एसयूव्ही पाहिजे. त्यात काही वावगं नाही. आपले रस्ते पाहिले तर उंच गाडीची गरज खरीच आहे. मला काळजी वाटते ती घ्यायच्या पद्धतीची. बारा-पंधरा लाख म्हणजे आपल्यासाठी घर बांधण्याच्या खालोखाल मोठा खर्च. ट्रॅक्टर घेताना आपण दहा जणांना विचारतो, कोणत्या वावरात कसा चालतो ते उभं राहून पाहतो. आणि त्याच्या दुप्पट किमतीची गाडी मात्र एका दुपारी, एसीत बसून, समोरचा पोरगा गोड बोलतो म्हणून ठरवून टाकतो. माझं सांगणं एवढंच आहे की गाडी घरी ठरवा. शोरूममध्ये जायचं ते फक्त भाव करायला.

घरी ठरवायचं म्हणजे काय? गाडी वर्षभर कुठे फिरणार ते आधी प्रामाणिकपणे मांडा. बहुतेकांचं उत्तर सारखंच येईल: गाव ते तालुका, महिन्यातून चार वेळा यवतमाळ किंवा अमरावती, वर्षातून दोन-तीनदा नागपूर, आणि दवाखान्यासाठी अडीअडचणीला रात्री. वावरात गाडी नेणारे किती? हात वर करायला सांगितले तर बरेच होतील, पण पावसाळ्यात नेणारे किती? आपली काळी माती ओली झाली की चाकाला लपेटते, टायरच्या खाचा बुजतात आणि चाक जागच्या जागी फिरतं. तिथे गाडीची उंची कामाला येत नाही. क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन, ब्रेझा, हॅरियर ह्या सगळ्या दिसायला एसयूव्ही, पण डिझेल-पेट्रोलमध्ये यांतली जवळपास प्रत्येक गाडी पुढच्या दोन चाकांवर चालते. ओल्या पांदणीवर, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, ती फसणारच. ज्याचं घरच वावरात आहे, ज्याला जुलै-ऑगस्टमध्ये पांदणीशिवाय वाट नाही, त्याने फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीचा, विचार करावा. थार आहे, जिम्नी आहे, स्कॉर्पिओ-एनचं डिझेल फोर बाय फोर आहे. बाकीच्यांनी त्या पैशात चांगले टायर घ्यावेत आणि पावसाळ्यात धुऱ्यापर्यंत मोटरसायकलनेच जावं. लाख-दीड लाख रुपये वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता डिझेलचं. "काऊन जी, मोठी गाडी म्हणजे डिझेलच ना?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. २०२० पासून बीएस-सिक्सचे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक, नियम लागले आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जाळून टाकायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गाडी चालावी लागते. गाव ते वावर चार किलोमीटर, वावर ते गाव चार किलोमीटर, असं महिनोन्‌महिने चालवलं तर ती जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची फेरी पडते. काही डिझेल गाड्यांना डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावणही भरावं लागतं. तुमच्या तालुक्याला ते मिळतं का, ते आधी विचारा.

पैशाचा हिशोबही करून पाहू. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरा. पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज १३, डिझेलचं १७ धरा. पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपये पडतात, डिझेलला साडेपाचच्या आत. फरक सुमारे पावणेतीन रुपयांचा. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे सत्तावीस हजार वाचतात. पण तीच गाडी डिझेलमध्ये रस्त्यावर येईपर्यंत पावणेदोन लाखांनी महाग पडत असेल, तर ते भरून निघायला साडेसहा वर्षं लागतात. वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्याचे तेच पैसे अडीच-पावणेतीन वर्षांत निघतात. ज्याचा संत्र्याचा धंदा आहे, वरूड-मोर्शीहून नागपूरला सारख्या फेऱ्या आहेत, त्याने डिझेल घ्यावं. आपल्यातल्या बहुतेकांना पेट्रोल पुरतं.

महाराष्ट्रात रोड टॅक्सही वेगवेगळा आहे. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, १० ते २० लाखांच्या मध्ये १२ टक्के, त्यावर १३. डिझेलला हेच आकडे १३, १४ आणि १५. चौदा लाखांच्या पेट्रोल गाडीवर १,६८,००० रुपये, डिझेलवर १,९६,०००. जीएसटीचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललं. गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, तर १८ टक्के. त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के. म्हणून बोलेरो १८ टक्क्यांत बसते, आणि ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन मोठं म्हणून ४० मध्ये जाते. दोन गाड्यांची तुलना करताना हे पाहा. एकीच्या किमतीत कराचा वाटा किती आणि गाडीचा किती, हे समजलं की डोळे उघडतात.

सुरक्षेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे ह्याची चर्चा सर्वांत कमी होते. पत्रा जाड, गाडी वजनदार, म्हणजे माणूस वाचतो, हा समज घराघरात आहे. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या बोलेरो निओला एक तारा मिळाला. दोन्ही गाड्या चॅसीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेल्या, दोन्ही दिसायला दणकट. म्हणजे नुसतं पाहून काही कळत नाही, चाचणीचा निकालच पाहावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचा भारत एनकॅपही सुरू झाला आहे. तारे किती, आणि मुलांसाठी वेगळे किती, हे दोन्ही विचारा. आपल्या रस्त्यावर रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, रानडुकरांचा कळप येतो, बिनालाइटचा कापसाचा ट्रॅक्टर उभा असतो. आणि आता समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटरचा, १२० च्या वेगाची परवानगी असलेला. वर्ध्यावरून, अमरावती-वाशीम-बुलढाण्यातून आपली माणसं त्यावर जातात. त्या वेगात मागच्या सीटवरच्या आजीने पट्टा लावलेला नसेल तर तारे काहीही करू शकत नाहीत. सनरूफच्या जागी मी सहा एअरबॅग आणि चांगले ब्रेक घेईन. तसंही मे महिन्यात ४५-४६ अंशांत डोक्यावर काच घेऊन फिरण्यात कसलं सुख आहे? त्यापेक्षा मागे एसीचे झरोके आहेत का ते पाहा. तिसऱ्या ओळीत पोरं बसणार असतील तर तिथेही पाहा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती एक चक्कर मारून संपवू नका. गाडी आपल्या गावापर्यंत आणायला सांगा, बरेच डीलर आणतात. घरातली सगळी माणसं बसवा. आईला चढता येतं का, बाईमाणसाला साडीत पायरी झेपते का, सून चालवणार असेल तर तिला बोनेटच्या पुढचं दिसतं का. दुपारी दोन वाजता एसी लावून पाहा. डिकीत स्टेपनी काढून पाहा. हल्ली काही गाड्यांत स्टेपनी लहान आकाराची असते, काहींत ती नसतेच, पंक्चर किट देतात. रात्री अकरा वाजता टायर फाटला तर त्या किटचा काही उपयोग नाही. सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे, आणि तिथल्या कामाबद्दल गावातले दोन गाडीवाले काय म्हणतात, हेही विचारून घ्या.

एवढं झालं की मॉडेल, इंजिन, व्हेरियंट आणि रंग कागदावर लिहा, त्याखाली जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा लिहा. मग शोरूममध्ये जा.

भाव कसा करायचा? आपल्या मंडळींना बैलबाजारात कोणी शिकवायला नको. बैल पसंत पडला तरी चेहऱ्यावर दाखवत नाही, दात पाहतो, चालवून पाहतो, आणि दुसऱ्या दावणीकडे निघून जातो. शोरूममध्ये मात्र आपल्या पोराने गाडीच्या बोनेटवर हात ठेवून फोटो काढला की भाव संपला. फोटो डिलिव्हरीच्या दिवशी काढा.

"ऑन रोड इतके" असा एकच आकडा स्वीकारू नका. छापील कोटेशन मागा, प्रत्येक रक्कम वेगळी: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, आणि जे काही "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाने लावलेलं असेल ते. टॅक्स सरकारी, तिथे एक रुपया हलत नाही. हँडलिंगचं मात्र विचारा, हे कशाचे, ह्याची पावती कोणत्या नावाने देणार? बऱ्याचदा प्रश्न विचारताच ती ओळ खोडली जाते. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज नको असेल तर नको म्हणा. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप बाजारात निम्म्यात मिळतात. "एक्स्ट्रा सामान फुकट देतो" ह्यापेक्षा रोख सूट बरी. वाढीव वॉरंटी घ्यायची तर गाडीच्या कंपनीचीच घ्या.

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, पण तो कोणत्याही कंपनीचा चालतो. बाहेरून दोन भाव काढा. मात्र तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, सारखीच आहे का पाहा. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला असतो. झिरो डेप घ्या, म्हणजे भरपाई देताना सुट्या भागांच्या जुनेपणाचे पैसे कापले जात नाहीत. आणि आपल्या भागासाठी इंजिन प्रोटेक्शन नक्की घ्या. ऑगस्टमध्ये नाल्याच्या पुलावर पाणी असताना गाडी घातली आणि इंजिनने पाणी ओढलं, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचे पैसे सहसा मिळत नाहीत. पुलावर पाणी असताना गाडी घालूच नका, हे तर आहेच. बाहेरच्या कंपनीचा विमा घेतला तर आपल्या सर्व्हिस सेंटरला तिची कॅशलेस सोय आहे का, तेही विचारा.

कर्जाचं बोलताना डीलर हप्ता सांगतो, व्याज सांगत नाही. दहा लाख, पाच वर्षं, ९ टक्के घटत्या शिलकीवर (रिड्युसिंग), म्हणजे फेडायच्या राहिलेल्या रकमेवरच व्याज: हप्ता २०,७५८ रुपये, एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार. तेच ९ टक्के "फ्लॅट", म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखांवर, असेल तर व्याज साडेचार लाख. आकडा तोच, फरक दोन लाखांचा. सात वर्षं केली तर घटत्या शिलकीवरही व्याज साडेतीन लाखांवर जातं. म्हणून "फ्लॅट का रिड्युसिंग" हा प्रश्न सर्वांत आधी. आधी आपल्या बँकेत विचारून दर लिहून घ्या, मग डीलरच्या फायनान्सवाल्याशी बोला. आपला पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. काही संस्था शेतकऱ्याला सहामाही हप्ता देतात, तो मागा. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही लेखी घ्या. आणि वावर गहाण टाकून गाडी घेऊ नका. हात जोडून सांगतो. एक वर्ष बोंडअळीचं किंवा अतिवृष्टीचं गेलं की हप्ता थांबतो, आणि जमीन अडकली की ती सोडवताना काय हाल होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

कापसाचे पैसे रोख असले तरी डीलरला एका गाडीपोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाहीत, आयकर कायद्याची बंदी आहे. पैसे आधी खात्यात टाका. बुकिंगची पावती घ्या आणि रद्द केल्यास पैसे परत किती, ते तिच्यावर लिहून घ्या.

वेळ कोणती? दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला गर्दी असते, मुहूर्ताची गाडी पाहिजे असेल तर सूट कमी मिळणार हे धरून चाला. महिन्याचे शेवटचे दिवस, मार्चअखेर आणि डिसेंबर हे घेणाऱ्याच्या फायद्याचे. डिसेंबरला घेताना एवढंच लक्षात ठेवा की जानेवारीत ती गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते, तर तेवढी सूट मिळायलाच पाहिजे. यवतमाळचा भाव घेऊन नागपूरला विचारा, नागपूरचा घेऊन अमरावतीला. नागपुरात घेतलेल्या गाडीचं पासिंग आपल्या जिल्ह्याच्या नंबरवर होतं. जुनी गाडी देणार असाल तर तिचा भाव आधी बाहेर काढा आणि नव्या गाडीचा भाव पक्का झाल्यावरच जुनीचं नाव काढा. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की इकडे दिलेली सूट तिकडे कापली जाते.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि पासिंगआधी, डीलरच्या यार्डात जाऊन तुम्हाला मिळणारी तीच गाडी दिवसाच्या उजेडात पाहा. चॅसी नंबर लिहून घ्या आणि बिलावर तोच आहे का पाहा. फॉर्म २२ वर, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याच्या कंपनीच्या दाखल्यावर, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जवळपास एकाच काळातले पाहिजेत. रंगाच्या छटेत फरक, दरवाज्याच्या फटीत फरक दिसला तर दुसरी गाडी मागा. पैसे भरायच्या आधी हे मागता येतं, नंतर फक्त विनंती करता येते.

शेवटचं एक, हे कोणी सांगत नाही. १० लाखांवरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केलेला आयकर, घेतो. चौदा लाखांच्या गाडीवर ते १४,००० रुपये होतात. हा तुमच्या नावाने आयकर खात्यात जमा झालेला पैसा आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ज्याला दुसरं करपात्र उत्पन्न नाही त्याला हे पैसे परत मिळतात. पण त्यासाठी त्या वर्षाचं रिटर्न भरावं लागतं, आणि डीलरने तुमचा पॅन बरोबर टाकलेला असावा लागतो. बिल हातात आलं की पॅन नंबर तिथेच तपासा, आणि नंतर आयकर खात्याच्या तुमच्या नावाच्या कर-पत्रकात, २६एएस मध्ये, रक्कम दिसते का ते पाहून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.