खुर्चीचे केस उलटे

नमस्कार मंडळी. आज जुन्या खुर्च्यांबद्दल बोलूया. म्हणजे दुसऱ्याच्या घरातून आपल्याकडे आलेल्या, रेक्झिन फाटून फोम बाहेर डोकावतोय पण पाय अजून धड आहेत अशा खुर्च्या. त्यांना नवं कापड घालायचंय आणि तेही विकत न आणता, कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेल्यातलंच. जुना पडदा, जीन्स, जाड कोट, जे असेल ते. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जाईल. कापड कापायच्या आधी त्याच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढायचा. बाण! का, ते येईलच पुढे.

तर आधी खुर्ची घरात घ्यायच्या आधीच उलटी करा. शिवणीत आणि स्क्रूच्या भोकांत बॅटरी मारून बघा, काळे बारीक ठिपके दिसले की ढेकूण समजायचे आणि खुर्ची दाराबाहेरच ठेवायची, कितीही आवडली तरी. पायांना टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तरी तेच. बाकी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीचं काम सोपं असतं, सीट बहुतेक वेळा खालून चार स्क्रूंवर बसवलेली असते, ते काढले की सीट हातात. मग चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने आणि पकडीने पिना उचकटायच्या. व्हिडिओत हे दहा सेकंदांत होतं बरं का, कारण पिना काढतानाचा भाग कोणी दाखवतच नाही, एका सीटला साठ-सत्तर पिना असतात आणि त्यातल्या निम्म्या मधेच तुटतात, हे कोण सांगणार!

तर माझी गोष्ट. आमच्याकडे अशाच सहा खुर्च्या आल्या होत्या. आणि माझ्याकडे होता व्हेलवेटचा एक पडदा, गडद हिरवा, लांबरुंद. मापं घेतली तर चार सीटा सरळ बसत होत्या आणि कडेला एक पट्टा उरत होता. त्या पट्ट्यात उरलेल्या दोन बसतील का, तर बसत होत्या, फक्त पॅटर्न, म्हणजे ज्यावरून कापायचं तो सीटचा नमुना, उलटा फिरवून ठेवला की. मी इतकी खूश झाले म्हणून सांगू, एक चिंधी वाया नाही! फिरवला, कापला, रात्री जागून सहाही सीटा ठोकल्या आणि सकाळी खुर्च्या खोलीच्या मधोमध एका रांगेत मांडून समोर उभी राहिले.

बघते तर दोन खुर्च्या फिक्या.

मी म्हटलं, पडद्याची ती कड उन्हाकडे असणार, उडाला असेल रंग. नवरा खुर्च्यांच्या मागच्या बाजूला उभा होता, तो म्हणतो, फिक्या कुठे, दोन गडद आहेत. कुठल्या दोन? तर त्याच दोन! मी फिक्या म्हणतेय त्याच त्याला गडद दिसतायत. झालं, सुरू. तू चष्मा पूस, तू दिवा लाव. दिवा लावला, पडदे उघडले, खुर्च्यांच्या जागा बदलल्या. काही नाही. मी समोरून फिक्या म्हणतेय, तो मागून गडद. अर्धा तास गेला यात, आणि खरं सांगायचं तर भांडण खुर्च्यांवरून राहिलंच नव्हतं, चष्म्याचा नंबर कोणी किती वर्षं तपासला नाही इथपर्यंत गेलं होतं.

तेवढ्यात माझी भाची आली, वय वर्षं नऊ. ती काही बोलली नाही. पहिल्या सीटवरून हात फिरवला, दुसरीवरून फिरवला, असं करत करत गेली आणि फिक्या खुर्चीपाशी थांबून म्हणाली, "मावशी, हिचे केस उलटे आहेत."

आम्ही दोघं गप्प.

व्हेलवेटला लव असते ना, ती एका बाजूला झुकलेली असते. आपल्याकडे झुकली असेल तर नजर लवेच्या आत शिरते आणि रंग गडद दिसतो. पलीकडे झुकली असेल तर उजेड लवेवरून परत येतो आणि तोच रंग फिका. त्यामुळे मी बरोबर आणि नवराही बरोबर, आणि चूक एकच, मी कापड वाचवायला फिरवलेला पॅटर्न. म्हणून सांगते, लव झुकते त्या दिशेने बाण काढा. सीटवर लव मागून पुढे यायला हवी, पाठीवर वरून खाली. कॉर्डरॉयलाही हेच. फुलांच्या पडद्यालाही बाण हवाच, नाहीतर एका खुर्चीवर झाड डोक्यावर उभं.

वेळ थोडा उरलाय तर बाकीचं पटकन. कापड आधी धुवून वाळवा, सुती असेल तर आटायचं ते आत्ताच आटू दे. पडदा उजेडात धरून दोन्ही हातांनी जोरात ओढा, विरला तर सोडून द्या, उन्हाने कुजलेलं कापड बसल्याबसल्या फाटतं. जीन्सचं कापड उत्तम, फक्त गुडघ्याचा भाग घेऊ नका. जुनं कव्हर फेकू नका, तोच तुमचा पॅटर्न, चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवून कापा. आणि कापडाची कात्री कागदाला लावू नका, आमच्या घरात तर ती मी लपवूनच ठेवते. ठोकताना आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक पिन, समोरासमोर, मग कोपऱ्यांकडे सरकायचं, कोपरे सगळ्यात शेवटी. पुन्हा सांगते, मध्यापासून सुरुवात, कोपरे शेवटी.

फोम पिवळा पडून चुरा होत असेल तर तोंडाला मास्क लावून काढा आणि बदला. केसांवरून आठवलं, फार जुन्या खुर्चीत फोम नसतोच. पॉलियुरेथेन सापडलं १९३७ साली, जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, आणि खुर्च्यांत त्याचा फोम आला तो आणखी बऱ्याच वर्षांनी. त्याआधी आत काथ्या नाहीतर घोड्याचे केस भरायचे. असे केस निघाले तर टाकू नका, धुवून, वाळवून, हाताने पिंजून पुन्हा भरता येतात.

आणि माझ्या त्या दोन खुर्च्या? अजून तशाच आहेत. प्रत्येकी चौसष्ट पिना आहेत, मीच मोजून मारलेल्या. पाहुणे आले की नवरा एकीवर बसतो आणि दुसरीवर मी.